नवव्या महिन्यातली आवराआवर

दिवस भरत आले की बाईच्या अंगात कुठून बळ येतं कोण जाणे, असं जुन्या बायका म्हणतात. कालपर्यंत जिना चढताना धापा टाकणारी मुलगी सकाळी उठून स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढते, कपाटातली प्रत्येक घडी मोडून पुन्हा घालते, माळ्यावरचं सामान खाली काढ म्हणून नवऱ्याच्या मागे लागते. घरातले यावर दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर ‘तू गप बस गं एका जागी’ म्हणून तिच्या हातातलं फडकं काढून घेतात, नाहीतर ‘करू दे तिला, हालचाल असली की बाळंतपण सोपं जातं’ म्हणून सगळं घर तिच्यावर टाकतात. पहिल्यात तिची तगमग वाढते, दुसऱ्यात तिचं अंग मोडतं. मला वाटतं, ही ओढ खरी मानावी, घर कसं लागावं हे तिनेच ठरवावं आणि उचलठेव, चढउतार, घासपूस मात्र इतरांनी करावी. आपल्या घरांची घडण अशी आहे की बहुतेक ठिकाणी नेमकं उलट घडतं. ठरवतात इतर, राबते ती.

प्राण्यांमधली ही ओढ शास्त्रज्ञांनी बारकाईने तपासली आहे. सशाची मादी व्यायच्या आधी जमीन उकरून बीळ करते, मग तोंडाने वाळलं गवत वाहून आणते आणि शेवटी स्वतःच्या अंगावरचे सैल झालेले केस उपटून त्याचं अस्तर घालते. या पायऱ्या संप्रेरकांच्या चढउताराशी बांधलेल्या आहेत. खोदण्याच्या काळात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन चढलेली असतात. पुढे प्रोजेस्टेरॉन उतरतं, प्रोलॅक्टिन वाढतं आणि केसांचं अस्तर सुरू होतं. डुकरिणीचं उदाहरण याहून बोलकं आहे. मोकळ्या रानात असली तर ती व्यायच्या साधारण चोवीस तास आधी कळपातून बाजूला होते, आडोसा शोधते, नाकाने खड्डा उकरते आणि गवत, पाला, फांद्या आणून त्यात रचते. मोठ्या वराहपालन केंद्रांत तिला लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात. तिथे वळायला जागा नसते, गवताची काडी नसते. तरी वेळ आली की ती सिमेंटच्या जमिनीवर पाय घासते, नाकाने उकरल्यासारखं करते, गज चावते. साहित्य मिळालं नाही म्हणून ओढ थांबत नाही, आणि ती अडवली की तिच्या शरीरातला ताण वाढतो, हे या पाहण्यांतून दिसून आलं.

माणसाबद्दल इतकं ठाम बोलता येत नाही. आपले जवळचे नातलग म्हणजे चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान. ते रोज रात्री झोपण्यासाठी फांद्या वाकवून नवा बिछाना करतात, पण पिल्लासाठी खास घरटं बांधत नाहीत. त्यामुळे डुकरिणीचं शरीरशास्त्र उचलून बाईला लावणं घाईचं होईल. बायकांचा थेट अभ्यास थोडाच झाला आहे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या मार्ला अँडरसन आणि एम. डी. रदरफर्ड यांचं २०१३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन त्यात सगळ्यात जास्त उद्धृत होतं. त्यांनी प्रश्नावली तयार केली, गरोदर बायकांना गर्भारपणाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तेच प्रश्न विचारले आणि गरोदर नसलेल्या बायकांच्या उत्तरांशी ती उत्तरं ताडून पाहिली. घर लावण्याची ओढ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असल्याचं त्यांना आढळलं. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली, तिच्याबद्दल मराठी घरांत फार कमी बोललं जातं: या काळात बाईला मोजकीच, ओळखीची, विश्वासाची माणसं जवळ हवीशी वाटतात.

या संशोधनाला मर्यादा आहेत. बायकांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर ते उभं आहे आणि त्या एका सुखवस्तू पाश्चात्त्य समाजातल्या आहेत. मूल येणार असेल तर जागा करावीच लागते, त्यासाठी कुठलं संप्रेरक लागत नाही, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. ‘आवरत बसली म्हणजे आता दोन दिवसांत कळा सुरू होणार’ या समजुतीला तर पक्का आधार नाही. अशी ओढ कुणाला सातव्या महिन्यात येते, कुणाला छत्तिसाव्या आठवड्यात, आणि कुणाला येतच नाही. पण उगम शरीरात असो की परिस्थितीत, तिला ती जाणवते आणि ती दडपल्याने तिला त्रास होतो, एवढं घरातल्यांना कळलं तरी पुरे.

आपल्या परंपरेत या तयारीला किती मोठं स्थान होतं, ते चरकसंहितेच्या शारीरस्थानात दिसतं. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार उभारावं असं तिथे सांगितलं आहे. जमीन हाडं, खडे, खापऱ्या यांच्यापासून मोकळी आणि चांगली असावी, दार पूर्वेला किंवा उत्तरेला असावं, लाकूड बेल, टेंभुर्णी, खैर अशा झाडांचं असावं. आत अग्नीची, पाण्याची, कुटण्याकांडण्याची, शौचाची आणि स्नानाची सोय हवी. तूप, तेल, मध, मीठ आणि औषधं भरून ठेवलेली हवीत. अनेक वेळा बाळंत झालेल्या, मायाळू, न घाबरणाऱ्या बायका सोबतीला असाव्यात. आणि हे सगळं सिद्ध झाल्यावर नवव्या महिन्यात चांगला दिवस पाहून गर्भिणीने आत जावं. हे उभारायला सुतार, वैद्य, घरातले पुरुष, जाणत्या बायका असे कितीतरी हात लागत. तयारी साऱ्या घराची होती आणि त्या तयारीच्या मधोमध ती होती.

पुढच्या काळात ही कल्पना किती खाली आली ते आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलं आहे. सोयराच्या विटाळामुळे बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, कोंदट, एरवी अडगळीची खोली. पुढे टाकून द्यायचं म्हणून अंथरायला जुनेर, बाळाला पुसायला चिंध्या, खिडकी बंद, कोपऱ्यात शेगडीचा धूर. नाळ ज्याने कापली ते पातं किंवा विळा कुणी उकळला नसे. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा, बाळाला एकटं न सोडणं, रात्रभर दिवा जागता ठेवणं यामागची भीती पोकळ नव्हती. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण त्याच सुमाराच्या आगेमागे दिसू लागतो. भारतातून माता आणि नवजात अर्भकांचा धनुर्वात हटल्याचं २०१५ साली प्रमाणित झालं. गरोदरपणातली लस, स्वच्छ हात, स्वच्छ पातं, स्वच्छ जागा यांनी ते साधलं. म्हणून दिवस भरलेल्या बाईला जळमटं आणि धूळ असह्य होते तेव्हा मला ते खूळ वाटत नाही. इतिहासाच्या मोठ्या भागात त्या स्वच्छतेवर तिचा आणि बाळाचा जीव अवलंबून होता.

आता प्रश्न येतो, घर कुणाचं? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्यात डोहाळजेवण होतं, मग आठव्या-नवव्यात मुलगी माहेरी जाते. या रीतीचा मोठा गुण असा की तिथे आई, काकू, वहिनी असे हात आधीच कामाला लागलेले असतात. जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली जातात, गोधडी धुऊन उन्हात पडते, डिंक आणि अळीव भरून ठेवले जातात. पण ज्या घरावर तिचा जीव आता जडलेला आहे ते मागे राहतं. लग्नानंतर तिने मांडलेला संसार, तिचं कपाट, तिचा ओटा दुसऱ्या गावात असतो आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती जेव्हा तिथे परतते, तेव्हा ते घर बाळासाठी अजिबात तयार नसतं. माहेरी पाठवणी होण्याआधी नवऱ्याने आणि तिने बसून परतीचं घर कसं असेल हे ठरवलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्याने ते तसं करून ठेवलं, तर तिच्या डोक्यावरचं ओझं निम्मं होईल. हे मी फार थोड्या घरांत होताना पाहिलं आहे.

आणि ज्यांचं बाळंतपण पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या फ्लॅटमध्येच होणार असतं, त्यांची अडचण वेगळी. आई शेवटच्या पंधरवड्यात येणार, सासूबाई नंतर, कामाला येणारी बाई सुट्टीवर, नवरा कंपनीत. ओढ तिची आणि हातही तिचेच. न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी मुलींचं तर आईच्या व्हिसावर सगळं अडलेलं असतं. देशाच्या २०१९ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि अशी कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. गर्भारपणात ही वाटणी आपोआप बदलत नाही. प्रसूती लाभ कायद्याने १९६१ मध्येच सांगून ठेवलं आहे की दिवस भरत आलेल्या बाईने मागणी केली तर मालकाने तिला जड कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देऊ नये. कारखान्यात जे चालत नाही ते घरच्या ओट्यापाशी मात्र खुशाल चालतं.

तिच्या शरीराचं या काळात काय झालेलं असतं, ते लक्षात घेतलं की कुठलं काम तिचं आणि कुठलं नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. रक्ताचं आकारमान जवळपास निम्म्याने वाढलेलं असतं, हृदयावर काम वाढलेलं असतं. सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोट पुढे आल्याने शरीराचा तोल सरकलेला असतो. पटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. त्यात आपल्याकडे पंडुरोगाचं प्रमाण भयंकर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा शरीराने स्टुलावर चढून पंखे पुसणं, गॅसची टाकी सरकवणं, पाण्याने भरलेली बादली उचलणं, पलंगाच्या पेटीतल्या गाद्या ओढणं ही कामं तिने करूच नयेत. बसून करण्याची कामं करावीत. कपड्यांच्या घड्या, बाळाच्या वस्तूंची मांडणी, डब्यांवर नावं लिहिणं, कागदपत्रांची फाइल लावणं. अर्धा तास काम, मग डाव्या कुशीवर थोडं पडणं, पाणी पिणं. आणखी एक फायदा या थांबण्यात आहे. दिवसभर धावपळीत असलेल्या बाईला बाळाची हालचाल जाणवत नाही, आणि ती खरंच कमी झाली असेल तर तेही कळत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून ठरलेल्या वेळी शांत पडून हालचालींकडे लक्ष द्यायला हवं.

उकिडवं बसून लादी पुसली की बाळंतपण सुखरूप होतं, हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. निरोगी गर्भारपणात चालणं, हलका व्यायाम हितकारक आहेच. आठवड्याला दीडशे मिनिटांची मध्यम हालचाल जगभरचे प्रसूतितज्ज्ञ सुचवतात. पण ती मोकळ्या हवेत फिरूनही होते. ओल्या लादीवर पाय घसरण्याचा धोका घेऊन ती करायला हवी, असं कुठलंही शास्त्र सांगत नाही. वार खाली असेल, रक्तदाब चढलेला असेल, अंगावर जात असेल, मुदतीआधी कळा येण्याची भीती असेल, तर हा सल्ला घातकच. सुनेकडून काम करून घेण्यासाठी बाळंतपणाचं निमित्त वापरणं बंद व्हायला पाहिजे.

जड सामानाचा धोका डोळ्यांना दिसतो, रसायनांचा दिसत नाही. बाळाच्या खोलीला रंग काढण्याची हौस नेमकी नवव्या महिन्यात येते. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या भिंतींवर, जुन्या दारांवर, खिडक्यांवर शिशाचा रंग असू शकतो आणि तो खरवडला की धूळ घरभर होते. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. रंगकाम करायचंच असेल तर ते पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकावं, जुना रंग खरवडताना आणि धूळ पुसली जाईपर्यंत तिने दुसरीकडे राहावं. संडास घासायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो कुणालाही गुदमरवतो. कीटकनाशकाची फवारणी याच काळात नको. मांजर असेल तर तिची मातीची पेटी दुसऱ्या कुणी रोज साफ करावी, म्हणजे टोक्सोप्लाझ्माचा परजीवी संसर्गक्षम होण्याआधीच बाहेर जातो.

या सगळ्यांहून मला जास्त काळजी वाटते ती डांबराच्या गोळ्यांची. आपल्या घरांत बाळाचं पहिलं दुपटं आजीच्या मऊ लुगड्याचं असतं, पांघरूण ट्रंकेतल्या जुन्या शालीचं असतं. मोठ्या मुलाची झबली, टोपडी, कुंची दुसऱ्यासाठी जपून ठेवलेली असतात. आणि ट्रंकेत कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकलेल्या असतात. त्यातलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं आणि बाळाच्या श्वासातून, कातडीतून आत जातं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. पारशी समाजात आणि काही आदिवासी समूहांत हे प्रमाण जास्त आहे, पण ते कुठल्याही घरात असू शकतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे झपाट्याने फुटतात आणि इतकी तीव्र कावीळ होते की मेंदूला इजा पोचू शकते. म्हणून बाळाच्या वस्तू ज्या कपाटात ठेवायच्या तिथून या गोळ्या आधी काढून टाकाव्यात. ज्या कपड्यांना त्यांचा वास येतो ते वापरू नयेत. आठवणीचं लुगडं सोडवत नसेल तर ते काही महिने आधी काढून पुन्हा पुन्हा धुवावं, कडक उन्हात वाळवावं आणि वासाचा मागमूस राहिला नाही तरच शिवायला घ्यावं. हे काम ट्रंक उघडण्यापासून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे.

तसंच शेगडीचं. बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी बंद खोलीत पेटवलेला कोळसा कार्बन मोनॉक्साईड सोडतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं त्यात झोपेतच दगावतात. ओव्याची, बाळंतशोपांची धुरी बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रासच देते. ऊब हवी तर बाळ आईच्या उघड्या छातीशी धरावं, डोक्याला टोपडं घालावं, वरून पांघरूण घ्यावं. काजळाच्या डबीला तयारीतून वगळावं, कारण त्यात शिसं सापडलेलं आहे. मधाचं बोटही नको, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझमचा धोका असतो.

बाळाचा कोपरा म्हटलं की दुकानदारांच्या याद्या डोळ्यांपुढे येतात. बाळाला खरोखर लागतं ते थोडं. सपाट आणि घट्ट बिछाना, आईच्या हाताच्या अंतरावर, तिच्याच खोलीत. बाळाला पाठीवर निजवायचं. उशी नको, मोहरीची उशीही नको. कडेला लावायच्या मऊ गाद्या, लोकरीची जाड पांघरुणं, खेळणी बिछान्यात नकोत, कारण त्याने नाक-तोंड झाकलं जाण्याची भीती असते. वर मच्छरदाणी. अंगावर सुती झबलं. लंगोटांचा हिशोब ऋतूवर अवलंबून आहे: जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत बाळंतपण असेल तर काहीच वाळत नाही, दोन-तीन डझनसुद्धा कमी पडतात. उन्हाळ्यात सोलापूरला एक डझन पुरतात. नवे कपडेही एकदा धुऊन मगच वापरावेत.

पुष्कळ घरांत जन्माआधी बाळासाठी काहीही विकत आणत नाहीत. ही समजूत ऐकली की शिकलेल्या सुनांना राग येतो. त्यामागे मेलेल्या बाळांचं दुःख आहे हे विसरू नये. ज्या पिढीने भरलेला पाळणा रिकामा होताना वारंवार पाहिला, तिने आशा आवरून धरायला शिकवलं. त्या भावनेला न दुखावता मार्ग निघतो. नवं आणायचं नाही, पण जुनं धुवायचं, शिवायचं, जागा रिकामी करायची, हे बहुतेक सासवांना चालतं. पाळणा दुकानात बघून ठेवावा आणि बाळ झाल्यावर आणावा.

तयारीचा एक भाग घराच्या झाडलोटीशी संबंधित नाही आणि तो बहुधा राहून जातो. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दवाखान्याची पिशवी भरलेली असावी. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा आणि सोनोग्राफीचा अहवाल, आधार कार्ड, बँकेचं पासबुक असावं. रात्री दोन वाजता कुठल्या गाडीने जायचं हे ठरलेलं असावं. १०२ आणि १०८ हे क्रमांक दारामागे लिहून ठेवावेत. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधं आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत झाल्याचं आढळलं आणि महाराष्ट्रात त्याहून जास्त, म्हणजे घर आता बाळंतपणासाठी तयार करायचं नाही, बाळंतपणानंतरच्या चाळीस दिवसांसाठी करायचं आहे. हा फरक ध्यानात घेतला की कामांचा क्रम बदलतो. बाळाच्या खोलीच्या भिंतीवर चित्र काढण्याआधी न्हाणीघरातली निसरडी फरशी आणि धरायला भक्कम दांडा, यांचा नंबर लागतो. पोट शिवलेल्या बाईला जमिनीवरच्या गादीवरून उठता येत नाही, तिला योग्य उंचीची खाट हवी. दूध पाजायला बसायची जागा, पाठीला लोड, हाताशी पाण्याचा तांब्या. हे सगळं बाळाच्या पाळण्याइतकंच गरजेचं आहे.

माणसांबद्दलची निवड हा या ओढीचा दुसरा चेहरा, आणि तो आपल्याकडे सर्वांत जास्त दुखावला जातो. नवव्या महिन्यातल्या मुलीला पाहुणे नकोसे झाले की ‘आखडू’ म्हणतात. बाळ झाल्यावर चुलत-मावस सगळा गोतावळा दवाखान्याच्या खाटेभोवती उभा राहतो. बाळाच्या गालाचा मुका घेतला जातो, टाक्यांची चौकशी होते, दूध येतं का ते विचारलं जातं. बाळंतपणाच्या खोलीत कोण असेल, पहिल्या दहा दिवसांत कोण राहायला येईल, कुणी बारशालाच यावं, ही यादी तिने करावी आणि नवऱ्याने किंवा आईने ती सगळ्यांना सांगावी. तिच्या तोंडून ते बोलायला लावू नये. सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये, आलेल्याने आधी साबणाने हात धुवावेत, हे सांगण्यात कसला अपमान?

ज्यांना लावायला घरच नाही त्यांच्याबद्दल या विषयावर लिहिताना सहसा कुणी बोलत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडीला जाणारी जोडपी एप्रिलपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोपीत राहतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल दोघांच्या नावावर असते, तिने विश्रांती घेतली की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. दिवस भरलेली बाई मोळ्या डोक्यावर वाहते आणि संध्याकाळी कोपीची जमीन शेणाने सारवते. पाणी लांबून आणावं लागतं. तिचीही ओढ तीच आहे, फक्त तिच्याकडे ठरवण्याचा अधिकार नाही आणि मदतीचे हातही नाहीत. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार अशा दुर्गम आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राशेजारी सरकारने ‘माहेरघरं’ उभारली, म्हणजे पाड्यावरच्या बाईने तारखेच्या काही दिवस आधी तिथे येऊन राहावं. योजना चांगली आहे. पण घरी दोन लहान मुलं, कोंबड्या, गुरं टाकून एकटीने तिथे राहायला यायला बाईचं मन घेत नाही, याचं नवल वाटू नये. मुलांना सोबत आणायची मोकळीक, सोबतीला तिच्या ओळखीची बाई, चुलीपाशी स्वतः काही करून खाण्याची सोय, या गोष्टींनी ते घर तिला आपलं वाटेल. ऊसतोडीच्या तळांवरही असं काही उभं राहायला हवं, आणि ते उभारण्याची जबाबदारी साखर कारखान्यांची आहे.

ओढ कधी आजाराकडे झुकते, ते ओळखता आलं पाहिजे. तेच भांडं पाच-सहा वेळा धुऊनही समाधान होत नाही, हात धुऊन धुऊन कातडी सोलते, रात्रीची झोप मोडून कपाट लावलं जातं, एखादी वस्तू जागेवर नसेल तर बाळाचं वाईट होईल अशी भीती छळत राहते, नको ते विचार डोक्यात घुसतात आणि ते कुणाला सांगायची लाज वाटते. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर मंत्रचळ आणि चिंतेचे विकार डोकं वर काढू शकतात, आणि त्यांवर चांगले उपचार आहेत. प्रसूतितज्ज्ञांना हे मोकळेपणी सांगावं. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत बोलता येतं, मराठीतूनही. शरीराची धोक्याची चिन्हं तर कुठल्याही आवराआवरीपेक्षा आधी बघायची: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर एकाएकी सूज. हातातलं काम तिथेच टाकून दवाखाना गाठावा. उलट ज्या बाईला अशी ओढ येतच नाही, जी नवव्या महिन्यात पुस्तक वाचत पडून राहते, तिला ‘हिला बाळाची हौस नाही’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. घर आवरण्याच्या उत्साहावरून मायेचा अंदाज कुणी बांधू नये.

आणि अनेकदा बाळ कुणाची वाट पाहत नाही. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आत, घर अर्धं लागलेलं असतानाच कळा येतात. मग उरलेलं काम मागे राहिलेल्यांचं. ती दवाखान्यात असताना एका दुपारी दोन माणसांना पुष्कळ करता येतं: धूळ कोरड्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसणं, लंगोट आणि दुपटी धुऊन वाळवणं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून टाकणं, मच्छरदाणी बांधणं, न्हाणीघर घासून कोरडं करणं, मुगाची खिचडी आणि पालेभाजीचं सामान आणून ठेवणं. भिंतींचा रंग, पडदे, माळा हे सगळं सहा महिन्यांनीही होईल. आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतील तेव्हा त्या बाळाचं वजन, ऊब आणि दूध पाहतील, कपाटं कुणी पाहणार नाही. फक्त बाळाची झबली वरच्या खणात ठेवायची की खालच्या, खाट खिडकीकडे हवी की भिंतीकडे, हे तिला फोन करून विचारून घ्यावं आणि ती सांगेल तसंच करावं.